जहिदाभाभीच्या वहीतलं सुरगाण्याचं पान

हल्ली म्हणे सायबर कॅफेत बसलं की कुठला डोंगर कधी हिरवा होतो ते समोर दिसतं. दिसू दे. आम्हा नाशिकच्या हौशी फोटोवाल्यांना ते सांगणारी एकच जागा होती, भद्रकालीतला एक अरुंद स्टुडिओ आणि त्याच्या काउंटरवरच्या जहिदाभाभी.

नवरा खाजाभाई लग्नाचे फोटो काढायचा. आतल्या अंधाऱ्या खोलीत रोल धुणं, फोटो छापणं सगळं भाभींचं. एक्क्याण्णव साली खाजाभाई गेले. दीर म्हणाला, "दुकान बंद करा, बाईमाणूस काउंटरवर शोभत नाही." भाभींनी आतलं स्टूल उचललं, काउंटरमागे ठेवलं आणि बसल्या. "ज्याला शोभत नाही त्याने दुसऱ्या गल्लीने जावं," म्हणाल्या. दीर खरंच दुसऱ्या गल्लीने जायला लागला.

काउंटरला सुतळीने एक दोनशे पानी वही बांधलेली असायची. तिच्यात काय नव्हतं? हतगड, ऑक्टोबरात जा, साडेसहाला वर पाहिजे, नऊनंतर ऊन चपटं. सुरगाण्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही, घाई असेल तर मागे लटका. अमुक पाड्यापुढे हापसा नाही. कोणीही यावं, उतरवून घ्यावं. अटी दोनच. परत आल्यावर काय बदललं ते वहीत लिहायचं, आणि ज्या घरी पाणी प्यालात त्या घरच्या माणसाचा फोटो छापून पोचवायचा. दुसरी अट कोणी चुकवली की भाभी वहीवर हात ठेवायच्या. मग आमदार आला तरी तो हात उचलला जात नसे.

मी मयूर, ओझरच्या कारखान्यात नोकरीला, आणि तेव्हा महा आगाऊ. अठ्ठ्याण्णव साली आमच्या फोटो क्लबचं प्रदर्शन गुढीपाडव्याला होतं. वहीत सुरगाण्याच्या पानावर लिहिलेलं, 'मे महिना. भागीबाईच्या पाड्यावर राब जळतात. सकाळी धुरातून उन्हाचे पट्टे उतरतात.' राब म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या रचून ठेवतात तो थर. पावसाच्या तोंडावर तो जाळायचा आणि त्या राखेत नागली-भाताचं बी फेकायचं.

पण आम्हाला मेपर्यंत कुठला धीर? मार्चमध्येच दोन मित्रांना घेऊन गेलो. भागीबाईने पाणी दिलं, भाकरी दिली, आणि ती बाजाराला निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणवठ्यावर असताना मी तिच्या रचलेल्या राबाला काडी लावली. म्हटलं, नाही तरी जाळणारच आहे, आज काय आणि उद्या काय! काय ते पट्टे उतरले होते, अहाहा! ती परत यायच्या आत आम्ही जीप गाठली.

चार दिवसांनी रोलचे फोटो बघायला गेलो, तर भाभींनी सगळ्या फ्रेमचा छापलेला कागद समोर आपटला. अकराव्या फ्रेमवर लाल पेन्सिलीचा गोल. गंमत म्हणून मित्राने माझ्याच कॅमेऱ्यात मला टिपलं होतं, ओणवा, हातात पेटती काडी.

"हे काय?"

"भाभी, बारावा बघा ना! पट्टे बघा!"

"पट्टे नंतर. मार्चमध्ये जाळलास? पाऊस यायला तीन महिने. तोवर वाऱ्याने राख राहील का? बी कशात टाकील ती? तुझ्या डोक्यात?"

खोटं कशाला बोलू, मला हे सुचलंच नव्हतं. कारखान्यात पगार महिन्याला येतो, माणूस वर्षाचा हिशेब विसरतो.

"निगेटिव्ह तुझी आहे, घेऊन जा," भाभी म्हणाल्या. "मोठा फोटो माझ्या हातून होणार नाही." आणि माझ्यादेखत त्यांनी सुरगाण्याच्या पानावर शाईने लिहिलं, 'मयूरने भागीबाईचा राब जाळला. नवा रचून देईपर्यंत वही बंद. सगळ्यांना.'

माझं डोकंच फिरलं. चोर तो चोर वर शिरजोर, मी थेट क्लबच्या अध्यक्षांना घेऊन आलो. ते म्हणाले, "बाई, क्लबचं सगळं काम तुमच्याकडे येतं, विसरू नका. आणि वहीतली माहिती आम्हीच आणलेली आहे."

"तुम्ही आणली, बरोबर," भाभी म्हणाल्या. "आणि पाणी कोणी पाजलं? जा, न्या काम दुसरीकडे. मी उपाशी राहीन, पण ह्या आगीचा फोटो छापणार नाही."

आणि क्लबने काम नेलं की हो! चौकातल्या नव्या कलर लॅबमध्ये. भाभी रिकाम्या काउंटरवर ताठ बसून राहिल्या. सात-आठ दिवस मी गल्ली टाळली. मग लक्षात आलं, मी दिरासारखा दुसऱ्या गल्लीने चाललोय. लाज वाटली. प्रदर्शनातून नाव काढून घेतलं आणि सुरगाण्याची जीप धरली.

भागीबाई अंगणात होती. तिने ओळखलं. शिव्या घालील वाटलं होतं. मी फ्रेमचा तो छापलेला कागद पुढे केला, तिने बारावी फ्रेम नीट निरखली. म्हणाली, "धूर लय ब्येस दिसतो. माझा सालभराचा दाणा कुठं दिसतो ह्यात?"

सुट्टी टाकून पंधरा दिवस राहिलो. आजूबाजूच्या फांद्या पाड्याने आधीच तोडलेल्या, म्हणून लांबून पाला वाहिला, डोक्यावर शेण वाहिलं. भागीबाई बांधावर उभी राहून सांगायची, "पातळ झाला. अजून आण." एवढं करून निम्म्याच जागेचा राब झाला. बाकी जागा तशीच राहिली.

चार महिन्यांत क्लबवाले मुकाट भाभींकडे परत आले. कलर लॅबवाल्याला हतगड कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हतं! निम्मा का होईना राब रचला म्हणून भाभींनी वही उघडली, पण ते पान वाचल्याशिवाय कोणाला पुढचं उलटू दिलं नाही. मी समोर असलो तरी मोठ्याने वाचायला लावायच्या.

राब रचताना काढलेला भागीबाईचा फोटो डिसेंबरात पोचवायला गेलो. दाराला कडी. शेजारची सखुबाई म्हणाली, "ती तं दिवाळीलाच गेली द्राक्षाच्या कामाला. दाणे पुरले नाय. पोरं पण नेली, शाळा सोडून." मग तिने मला पाणी दिलं आणि माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "पी. पण तो डबा बाहेर काढू नको."

नाशिकला येऊन भाभींना सांगितलं. मला वाटलं होतं म्हणतील, जाऊ दे, तू केलंस तेवढं. त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे केली आणि पेन दिलं.

"लिही."

"काय लिहू?"

"जे बदललं ते. तुझ्या हाताने."

मी लिहिलं, 'भागीबाई घरी नाही. पोरांची शाळा सुटली. माझ्यामुळे.' खाली सही केली.