आठऐवजी चार

तिरोड्याला वीज प्रकल्पाचं काम सुरू झालं आणि आमच्या सहकारी बँकेच्या शाखेत खाती उघडायला रोज रांग लागू लागली. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचे. दुपारच्या गर्दीत मागच्या खोलीतल्या सर्व्हरला दम लागायचा. काउंटरवरच्या स्क्रीन थिजून राहायच्या आणि लोक काचेवर टकटक करायचे. शेवटी मंजुरी आली: सर्व्हरची मेमरी चार जीबीची आठ करायची.

नागपूरहून इंजिनिअर यायच्या आधी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "तो मशीन उघडेल तेव्हा तिथेच उभ्या राहा. हे लोक चांगला पार्ट काढून नेतात."

तोवर माझ्या मनात तसलं काही नव्हतं. पण तो माणूस आला आणि माझी नजर त्याच्या बॅगेवरून हलेना.

"मॅडम, आप बैठिए, धूल उड़ेगी," तो म्हणाला.

मी बसले नाही. त्याने सर्व्हर बंद केला, झाकण काढलं. आत मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या होत्या आणि दोन खाचा रिकाम्या. आणलेल्या दोन नव्या पट्ट्यांपैकी पहिली तो खाचेत दाबत होता, तेवढ्यात साहेबांनी मला हाक मारली. मुख्य कार्यालयाचा फोन होता. मी परत आले तर झाकण लागलेलं, सर्व्हर सुरू होत होता आणि तो बॅगेची चेन ओढत होता. त्याला गाडी पकडायची होती. तो गेला.

गर्दी ओसरल्यावर मी मेमरी तपासली. चारच जीबी दाखवत होती. मी लगेच साहेबांना सांगितलं. ते उठून माझ्या स्क्रीनपाशी आले.

"तो गेल्यावर खोलीची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडेच. नेहमी असते तशी."

"द्या इकडे."

इंजिनिअरने फोनवर शपथ घेऊन सांगितलं की चारही पट्ट्या लावल्या आहेत. वॉरंटीमुळे आम्हाला झाकण उघडता येत नव्हतं, आणि त्याला पुढच्या आठवड्याशिवाय जमत नव्हतं. तोवर रोज सकाळी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून किल्ली मागायची. खोलीत माझ्याबरोबर शिपाई यायचा आणि मी बाहेर पडेपर्यंत दाराशी थांबायचा. काउंटरवरच्या बाई माझ्याबरोबर डबा खायच्या, त्या आता आधीच जेवून घ्यायच्या. मलाही नाही नाही ते सुचायचं. नेमक्या त्याच वेळी साहेबांनी मला बाहेर काऊन बोलावलं? तो फोन त्यांना घेता आला नसता?

माझ्या धाकट्या भावाचं स्टेशन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका संध्याकाळी तो घरी आला तोच तोंड पाडून.

"ताई, तुझ्या बँकेतला शिपाई दुकानात आला होता. सर्व्हरची सेकंडहँड मेमरी आहे काय म्हणून विचारून राहिला होता. माझ्यावर कायले डाऊट घेऊन राहिले तुमचे लोक?"

"तू काय म्हटलं?"

"काय म्हणणार? ते मेमरी आमच्या साध्या मशीनले बसतच नाही. ठेवून करू काय मी तिचं?"

दुसऱ्या दिवशी मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, ही मेमरी साध्या कॉम्प्युटरला बसत नाही. माझ्या भावाकडे माणूस पाठवायच्या आधी मला विचारायचं होतं."

"चोरीचा शब्द मी काढला का?" ते म्हणाले.

"नाही काढला. म्हणूनच म्हणते, मशीन सगळ्यांसमोर उघडा."

इंजिनिअर आला तेव्हा त्या छोट्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे होतो. त्याने झाकण काढलं. चारही पट्ट्या जागच्या जागी होत्या. मग त्याने सर्व्हर सुरू करून निळ्या स्क्रीनवरचं सेटिंग शोधलं. सर्व्हर बसवतानाच कोणीतरी ते लावून ठेवलं होतं: चारही खाचा भरल्या की अर्धी मेमरी उरलेल्या अर्ध्या मेमरीची नक्कल म्हणून राखून ठेवायची, म्हणजे एखादी पट्टी बिघडली तरी काम थांबत नाही. त्याने ते बंद केलं. आठ जीबी दिसली.

"सर, आपको लगा मैं निकालके ले गया?" त्याने विचारलं.

"नहीं, नहीं," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्यासमोर किल्ली धरली.

"राहू द्या तुमच्याकडेच," मी म्हटलं. त्यानंतर शाखा उघडायच्या आधी सर्व्हरची खोली उघडून देण्यासाठी गोंदियाला राहणाऱ्या साहेबांना तिथून पहिली गाडी पकडावी लागायची. बाई पुन्हा माझ्याबरोबर डबा खाऊ लागल्या. भाजी पुढे करायच्या, मी थोडी घ्यायची. पण भाऊ त्यानंतर कधी बँकेची पायरी चढला नाही. स्वतःचं खातंही त्याने दुसरीकडे हलवलं.

काही महिन्यांनी तोच इंजिनिअर यूपीएसची बॅटरी बदलायला आला. काम झाल्यावर त्याने आपली बॅग माझ्या टेबलावर पूर्ण रिकामी केली. स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, टेस्टर, जेवणाचा डबा, घडी केलेला टॉवेल.

"देख लीजिए, मॅडम," तो म्हणाला.

गरज नाही, असं मला म्हणायचं होतं. पण साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते आणि टेबलावरच्या वस्तू एकेक करून पाहत होते.