संदर्भ नसलेलं वाक्य

लालबागला आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत एक गृहस्थ रोज दुपारी येत. नाव मी कधी विचारलं नाही. परीक्षेला बसलेल्या पोरांमध्ये ते एकटेच लॅपटॉपवर मराठी ऑनलाइन ज्ञानकोशातले लेख सुधारत बसायचे. पिसं असलेले, कुणी नावही न ऐकलेले छोटे डायनासोर, हाच त्यांचा विषय. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी ते मान तिरकी करून एका डोळ्याने शेजारच्या खिडकीकडे बघत, अगदी कबुतरासारखे. गंमत म्हणजे त्या खिडकीत कबुतरं कधी बसत नसत. बाकीच्या खिडक्यांवर ही गर्दी, तिथे एकही नाही.

एकदा मी त्यांच्या स्क्रीनवर डोकावलो. ‘माणूस दिसला की तो पळत नाही. जवळ येऊन मान तिरकी करतो,’ असं लिहिलं होतं.

"काका, तेव्हा माणूस होता कुठे?" मला हसू आलं. "कुठल्या पुस्तकात मिळालं हे?"

"तीच तर पंचाईत आहे. तिथे प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो. मी लिहितो आणि कोणीतरी काढून टाकतं." मग ते हळूच म्हणाले, "नुसतं बघितलेलं चालत नाही हो."

आणि ते वाक्य त्यांनी स्वतःच पुसलं.

गणपतीनंतर ते यायचे बंद झाले. त्यांची खुर्ची मी धरली, कारण पंखा बरोबर तिच्यावर आहे. काल दुपारी वाचत होतो, तर बाकीच्या खिडक्यांवरची सगळी कबुतरं एकदम उडाली. माझ्या पुस्तकावर खिडकीतून सावली पडली. मी वर बघितलं नाही.

सावलीने मान तिरकी केली.