एडका मागं सरला तेव्हा

समस्त नागरिकांना, आणि त्यातही व्यासपीठावर खुर्ची मिळावी म्हणून जीव टाकणाऱ्या नागरिकांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, एडका, म्हणजे शिंगवाला मेंढा, मागे मागे सरू लागला तर तो भ्याला असे कृपया समजू नये. सूचना संपली. आता हकीकत ऐका.

मी बारामतीला जळोचीत राहतो, कॉलेजात शिकवतो, आणि कुणाच्याही कार्यक्रमात हाती माईक आला की तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. थोरले बंधू, म्हणजे सगळ्यांचे आबा, वरकुट्याला शेती करतात. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरांचा कळप होता. आता ऊस, डाळिंब आणि एकच एडका. तोही खरा भावाच्या नातीचा. जन्मतःच त्याची आई गेली, तेव्हा या पोरीनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. तो तिच्या पाठोपाठ शाळेच्या फाटकापर्यंत जातो. बाकी साऱ्या जगाला शिंगं दाखवतो.

गेल्या वर्षी दिल्लीचे एक फार मोठे नेते वरकुट्याला सभेसाठी येणार असं ठरलं. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडं. पोरीच्या वर्गात बाईंनी ‘शूर नेता’ या विषयावर बोलायला सांगितलेलं, म्हणून तिनं फोनवरून माझा पिच्छा पुरवला.

“तात्या, शूर म्हंजी काय करत्यात त्ये?”

“त्यांना कशाचीच भीती वाटत नाही.”

“कशाचीच?”

“कशाचीच.”

“आमच्या एडक्यालाबी वाटत न्हाय. म्हणून त्यो भिंतीला धडका मारतो. मग त्यांच्यात नि ह्याच्यात फरक काय?”

मी रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवला.

आमच्याकडं पाहुण्याच्या सत्काराची रीत ठरलेली. डोक्याला फेटा, खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी आणि कवेत कोकरू. फोटो झाला की कोकरू घरी परत. पण थोरल्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

“तालुक्याच्या सभापतीला आपण कोकरू दिलं. आता दिल्लीच्या माणसालाबी कोकरूच? लोक शेण घालतील तोंडात. दिल्लीला एडका पायजे!”

“आबा, तो मारका आहे.”

“मी हाय की कासरा धरायला! ह्या छातीचा माणूस पंचक्रोशीत न्हाय!”

पोर म्हणाली, “आबा, नगा नेऊ. कुणाला लागलं तर त्याला घिऊन जातील.” तिचं कोण ऐकतो? शिंगांना हळद फासली, गळ्यात झेंडूची माळ घातली. तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही म्हणून तिलाही स्टेजवर घेतलं.

सभेला तुफान गर्दी. मी माईकवर “सिंहाच्या काळजाचे, भय हा शब्द ज्यांना ठाऊक नाही असे” वगैरे उधळत होतो. नेत्यांना फेटा बांधला. त्याची दोन टोकं दोन्ही बाजूंना शिंगांसारखी उभी राहिली. घोंगडं पांघरलं. त्याला मेंढरांचा चांगला दाट वास होता. आता एडक्याच्या डोळ्यांनी बघा म्हणजे पुढं काय झालं ते कळेल.

नेते पुढं आले आणि त्यांनी जन्मभराच्या सवयीनं हात जोडून मान वाकवली. एडक्याच्या राज्यात मान खाली घालणं म्हणजे आव्हान.

एडका मागं सरला.

पुढच्या रांगांमधली बडबड एकदम थांबली. तिथं सगळी आमचीच माणसं, त्यांना मागं सरण्याचा अर्थ आईच्या दुधातून कळलेला. नेत्यांना वाटलं, बिचारं जनावर बुजलं. ते गोड हसले आणि आणखी खाली वाकले.

एडका आणखी मागं सरला. भावाच्या हातातून कासरा सुटला. सुटला की सोडला, यावर घरात आजही दोन मतं आहेत. मी मागं वळून पाहिलं तर थोरले बंधू स्टेजवरून गायब. सभापती गेले, कारखान्याचे संचालक गेले, हारवाले गेले. मीही गेलो असतो, पण माईकची वायर पायात गुंतलेली. नेत्यांच्या मागं उभ्या राहिलेल्या अंगरक्षकाचा हात सफारीच्या आत गेला. त्या हाताचा अर्थ माझ्या ध्यानात आला तसा पोरीच्याही आला. एडक्यानं धडक दिली की तो जिवंत राहणार नव्हता.

ती धावली ती एडक्याकडं नाही, नेत्यांकडं. “वाकू नगा! मान वर करा!” नेत्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. मी तोंडासमोरचा माईक विसरून ओरडलो, “साहेब, झुकिए मत!”

मागच्या रांगांना एडका दिसत नव्हता. त्यांना वाटलं घोषणा आहे. “झुकणार नाही! झुकणार नाही!” असा मैदानभर गजर उठला आणि एडका बिथरला. त्यानं पुढचा पाय आपटला.

पोरीनं सरळ नेत्यांच्या हनुवटीखाली हात घातला, मान वर ढकलली आणि त्यांचा हात घट्ट धरून शेजारी उभी राहिली. नेत्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागं पायऱ्या मोकळ्या होत्या. त्यांनी एकदा पायऱ्यांकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि मान न हलवता अंगरक्षकाला म्हणाले, “हाथ बाहर निकालो. बच्ची जो कहती है, वही होगा.”

हात बाहेर आला. रिकामा.

एडका सुटला. फळ्या थरारल्या. मी डोळे मिटले, आणि मिटले तसे लगेच उघडले, कारण न बघता पुढं सांगणार काय? समोर वाकलेलं डोकं नाही म्हटल्यावर तो हातभर अंतरावर घसरत थांबला. नाकातून फुसफुसला. घोंगड्याचा वास घेतला. मग गळ्यातला एक झेंडू ओढून खाऊ लागला. पोरीनं त्याचं शिंग धरलं आणि ती पहिल्यांदा रडली.

नेते हळूच खुर्चीत बसले. पाण्याचा ग्लास त्यांनी एका दमात रिकामा केला. कुणीतरी “जानवर को ले जाओ” म्हणालं, तर त्यांनी बोटानंच नको म्हणून सांगितलं. एडका पोरीपाशी राहिला.

एवढा प्रसंग वाया घालवील तो सूत्रसंचालक कसला! मी गरजलो, “पाहिलंत? भीती म्हणजे काय हे ज्यांना ठाऊकच नाही, असा हा नेता!” आणि साक्षीला म्हणून माईक पोरीपुढं धरला. स्टेजमागून भावाचा फेटा हळूहळू वर येत होता. पोरीनं नाक पुसलं आणि साऱ्या वरकुट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“न्हाय वो तात्या, लई भ्याले हुते त्ये! त्यांनी आवळलेली माझी बोटं अजून दुखत्यात. पर पळालं न्हाईत. पळालं त्ये आबा!”