आढ्याची वाटणी

बेळगुंदीच्या शिवारातलं आमचं घर मुळात माणसांसाठी नव्हतंच. पणजोबांनी ते बैलांसाठी बांधलं. राखणीला म्हणून ते स्वतः तिथं झोपू लागले, आणि रोज रानात भाकरी पोचवून पणजी कंटाळली तेव्हा तिनं चूलच तिकडं मांडली. म्हणून आमच्याकडं आधी गोठा लागतो, मग सोपा, मग स्वयंपाकघर. पाहुण्यांनी नाक मुरडलं की मी सांगते, घर बैलांचं आहे, आम्ही नंतर आलो.

जमीन तेव्हा शहरातल्या एका इनामदाराची होती. कूळकायद्यात ती आजोबांच्या नावावर झाली. आजोबांमागं आप्पा आणि काका, माझे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ, यांनी वाटण्या केल्या. वाटणीपत्रात विहिरीची पाळी आहे, उखळ आहे, शेणाचा उकिरडासुद्धा आहे. बांधावरचा फणस तेवढा लिहायचा राहिला. त्या फणसावरून दोघांचं बोलणं बंद झालं. पुढं फणस वाऱ्यानं पडला, पण अबोला काही पडला नाही.

घराच्या मधोमध भिंत आली. पण गवंड्यानं ती डोक्याच्या जरा वर आणून सोडून दिली, तिथून कौलांपर्यंत सगळं मोकळं. इकडं मिरचीची फोडणी पडली की तिकडं शिंका सुरू. दोन घरं, दोन दारं, दोन चुली आणि ठसका एकच! दोघांच्या डोक्यावरून सागवानी आढं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेलं. त्याची वाटणी करायचं कुणाला सुचलं नाही.

यंदा शहरात नोकरीला असलेल्या चुलतभावाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांची अट एकच, घर स्लॅबचं पाहिजे. त्याला आपली अर्धी बाजू पाडायची होती. सुतार म्हणाला, आढं मधून कापायला लागणार, आप्पांच्या बाजूला खांब द्यायचा आणि भिंत पार वरपर्यंत चढवायची. या कामाला सगळ्या वारसांची संमती हवी. लेकींना वाटा मिळाल्यापासून माझ्या सहीलाही भाव आलाय, म्हणून मी रविवारी शहरातल्या खासबागेतल्या माझ्या घरून निघाले. पाच मिनिटांचं काम, जेवायला घरी येते, असं नवऱ्याला सांगून गेले. कसलं काय.

"सही करू नगंस," आप्पा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "पडलेल्या फणसापायी पोराचं लग्न मोडायचंय काय तुम्हाला?"

आप्पांनी भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं हात केला. मग म्हणाले, "भिंत वर गेली की त्येचं कायबी ऐकू येणार न्हाय गं. त्येनं गोळी घेतली का न्हाय, जेवला का न्हाय, मला हितं बसून कळतंय. तुझी काकू गेली तवा त्यो पोरावानी रडत हुता. मी हिकडं भिंतीला टेकून बसलतो. उठून गेलो न्हाय. लई चुकलं माझं."

राग आला आणि रडूही आलं. आजवर हा माणूस मला नुसता हेकट वाटायचा. शेवटी म्हटलं, "सही करते मी. पण आधी तुम्ही उठा."

दंडाला धरूनच नेलं त्यांना. गोठ्यातून बाहेर, अंगणाला वळसा घालून काकांच्या दारात. अठरा पावलं असतील, अठरा वेळा थांबले. काका शेंगा फोडत बसले होते. भावाला दारात बघून त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आढं कापायचं म्हनं," आप्पा म्हणाले.

"पोराचं लगीन हाय, अण्णा," काका थोरल्या भावाला म्हणाले.

"काप. माझं काय म्हननं न्हाय." आप्पा म्हणाले. "पर स्लॅब झाला की मला तुझं काय ऐकू येणार न्हाय. तवा रोज माझ्याकडं येऊन सांगत जा."

काकांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवून भावाला बसायला जागा केली.

"तुला ऐकू जावं म्हनूनच मी मोठ्यानं बोलत हुतो की," ते म्हणाले. "येकल्या मानसाला कशाला लागतंय रं एवढं मोठ्यानं बोलायला?"