सिनेमातल्या पावसाची दुरुस्ती

मुलुंडला आम्ही तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरने खिडकीसमोरचा जमिनीचा एक पट्टा दाखवून ‘गार्डन’ असा शब्द वापरला होता. जागा सोसायटीची, राखायची आम्ही. गिरणी कामगार बापाच्या एका खोलीत वाढलेल्या माणसासमोर ‘गार्डन’ म्हटलं की त्याचं काय होतं, ते मला विचारा. मी त्या पट्ट्यावर लॉन लावलं. चार खाटा मावतील एवढंच, पण लॉन.

लॉन म्हटलं की फवारा आला. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गोरेगावला एका फिल्म स्टुडिओत कामाला होता. शूटिंगसाठी खोटा पाऊस पाडायचं काम त्यांच्या खात्याकडे. तिथे भंगारात काढलेला एक लोखंडी पाइप आणि त्याची पितळी तोंडं तो टेम्पोत घालून घेऊन आला.

“भावोजी, ह्या पायपाखाली हिरॉइन भिजता,” तो म्हणाला. “तुमचा गवात काय घेवन बसलात?”

हिरॉइन भिजवायला लागतं तेवढं पाणी गवताला लागत नाही, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. पण फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल विचार करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. पाइप गवताखाली पुरला, पितळी तोंडं वर काढली आणि सगळं बागेच्या नळाला जोडलं. नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीचं. काही दिवस मी राजासारखा वावरलो. मग पाण्याच्या धक्क्याने जमिनीखालचा सांधा फुटला, आणि तोही नेमका नळाच्या अलीकडे. नळ बंद केला तरी पाणी गळतच राहिलं. लॉनचा चिखल झाला, ओहोळ गेटाबाहेर गेला आणि दुपारी सगळ्या बिल्डिंगचे नळ कोरडे पडले.

सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी जिन्याखाली मीटिंग बोलावली आणि ठराव वाचला: पुढच्या रविवारपर्यंत फवारा दुरुस्त झाला नाही, तर सदर पट्ट्यावर फरशी घालून तो स्कूटर स्टँडसाठी घेण्यात यावा. सेक्रेटरींनी नुकतीच स्कूटर घेतली होती, हे मीटिंगमध्ये कुणीच बोललं नाही. मी बोललो. त्याने माझी बाजू मजबूत झाली असं म्हणता येणार नाही.

प्लंबर आला. उकिडवा बसला, चिखलात बोट घातलं आणि म्हणाला, “साडेचारशे.”

“लॉनसकट?”

“लॉन कुठलं राहतंय, साहेब? खोदणार ना मी. ते तुम्ही परत लावा.”

बायको खिडकीतून ऐकत होती. “साडेचारशेत आपण मनोरीला दोन दिवस राहून पापलेट खाऊन येऊ,” ती म्हणाली. “गवतही बघायला मिळेल तिथे. ढीगभर.”

“मनोरीचं गवत माझं नाही,” मी म्हणालो आणि प्लंबरला परत पाठवलं. साडेचारशे वाचवायचे, म्हणजे आपणच करायचं.

पान्हा विकत घेतला. तो लहान निघाला, म्हणून मोठा घेतला. पाइपचा नवा तुकडा आणला, तो जाड झाला. दुकानदार म्हणाला, आटे पाडलेला माल परत घेत नाही. तिसऱ्या फेरीला त्याने मला बसायला स्टूल दिलं. सांधा आवळताना मोठा पान्हा निसटला आणि माझा अंगठा भिंतीवर चेचला. डॉक्टरांची फी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन धरून आकडा प्लंबरच्या पुढे गेला, तेव्हा बायकोने मोजणं थांबवलं. मी तर आधीच थांबवलं होतं. पण शनिवारी गळती बंद झाली. पूर्ण बंद.

सेक्रेटरींना सांगायला वर गेलो.

“प्लंबरचं बिल?” त्यांनी हात पुढे केला.

“मीच केलं.”

“मग दुरुस्ती झाली कशावरून?”

“खाली चला, दाखवतो.”

“दाखवण्याचा प्रश्न नाही हो. बिल नाही, म्हणजे कागदोपत्री दुरुस्ती नाही.”

मी पट्टी बांधलेला अंगठा त्यांच्यासमोर धरला. “हे घ्या बिल.” ते हसले नाहीत.

रविवारी सकाळी खिडकी उघडली तर लॉनच्या कडेला शहाबादी फरश्यांची चळत, आणि गवंडी वाळूत सिमेंट कालवतोय. मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीवर बाहेर धावलो.

“थांब रे जरा.”

“मला सेक्रेटरीसाहेबांनी पाठवलंय,” तो म्हणाला.

मी खाली वाकलो आणि नळ पूर्ण सोडला.

सिनेमात रिमझिम पडत नाही. पाणी उसळून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शिरलं. कालवलेलं सिमेंट करड्या आमटीसारखं गेटाकडे निघालं. गवंड्याने थापी उचलली, जिन्याखाली गेला आणि विडी पेटवली. गॅलऱ्या भरल्या.

“अहो, बंद करा, लोक बघतायत,” बायको म्हणाली.

“बघू देत. त्यासाठीच सोडलाय.”

दोन मिनिटांत थांबलो असतो तरी भागलं असतं. पण मी लॉनच्या मधोमध उभा राहिलो. चष्म्यातून काही दिसत नव्हतं, चड्डी एका हाताने धरावी लागत होती. कुणीतरी कबूल केल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. टाकी संपत आली असणार, हे डोक्यात नव्हतं. कारंजं गुडघ्यापर्यंत उतरलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीत साबणाने माखलेला एक चेहरा आला.

“बंद करा तो फवारा. नळाला थेंब नाही इथे.”

“कुठला फवारा?” मी विचारलं. “कागदोपत्री तर तो नादुरुस्त आहे.”

पहिल्या मजल्यावरचे शेजारी देव्हाऱ्यातली मूर्ती पुसत गॅलरीत आले. “नादुरुस्त कसला,” ते म्हणाले, “आमच्या गणपतीला अंघोळ घालून गेला.”

सगळी बिल्डिंग हसली. सेक्रेटरी खिडकी लावून घ्यायला लागले, पण डोळ्यांत साबण गेल्यामुळे त्यांना कडी सापडेना. “दुरुस्त आहे,” शेवटी आतून आवाज आला. “लिहून देतो. बंद करा.”

त्याच दिवशी जिन्याखाली दोन ठराव झाले. फवारा दुरुस्त झाला असल्याने पट्टा आहे तसा राहील, हा पहिला. तो फवारा पुन्हा कधीही सोडायचा नाही, हा दुसरा. दुसऱ्याला सगळ्यांनी हात वर केले, माझ्या बायकोने दोन्ही.

गवंड्याने फरश्या हातगाडीवर चढवल्या. मी घरातली खुर्ची आणली, लॉनवर मधोमध टाकली आणि ऐटीत बसलो. चिखल इतका झाला होता की मागचे दोन पाय रुतत गेले आणि मी आभाळाकडे तोंड करून कलंडलो. बायको म्हणाली, उठा आता, चहा झालाय.

चहा इथेच आण, म्हटलं.