मास्तरच्या डोक्यावरचा कावळा

हे मी बायकोलेही सांगतलं नाई. देवापुढं उभा राह्यलो तरी बाकी सगळं बोलतो अन् या गोष्टीच्या अलीकडंच थांबतो. तुमाले सांगून राह्यलो, काहून, ते मलेही नीट समजत नाई. तुमी माह्या ओळखीचे नाई, उठून माह्या घरी येणार नाई — तेवढ्यासाठीच असंल. भेकड माणूस जागा पाहूनच बोलते.

आज सकाळीही तो आलता. टिनाच्या छपरावर बसला, नखं वाजवली. कावळाच. साधा कावळा — इंझोरीत काय कावळे कमी आहेत? बायको म्हणे, पाहुणे येतीन. मी आत जाऊन बसलो.

पण आधी बँडाचं सांगतो. बँडाचं सांगतलं नाई तर मी काय मोडलं ते तुमाले समजणार नाई.

गुलाब ब्रास बँड, इंझोरी. गुलाब हे किसन मास्तरच्या मायचं नाव. अकरा जण होतो आमी. कोणी सोयाबीन सोंगून यायचा, कोणी हमाली करून. लाल कोट अंगावर चढला की वाजवणारा. कोट तरी कसले! माह्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच राह्यच्या. वाशीमच्या, अकोल्याच्या बँडायकडं लाइटच्या गाड्या होत्या, घोडे होते, गाणारी बाई होती. आमच्याकडं मास्तर होता अन् त्याची क्लॅरिनेट.

तसा वाजवणारा मी पुन्हा ऐकला नाई. वरातीत तो बाकीच्यायसारखंच वाजवायचा, नाचणाऱ्या पोरायले जे पाह्यजे ते. पण पोरगी सासरी निघाली की हात वर करून आमाले थांबवायचा. ढोल बंद, ताशा बंद. मंग एकटा वाजवायचा. ते कोणत्या पिक्चरमधलं गाणं नव्हतं. माय जात्यावर म्हणायची, त्यातलंच काही, म्हणे. नवरीकडचे तर रडायचेच, पण नवरदेवाच्या बापाले तोंड फिरवून डोळे पुसताना मी पाह्यलं आहे. जीप चालू करून बसलेला ड्रायव्हर जीप बंद करायचा. असा बँड — अन् तीन तालुक्याच्या बाहेर कोणाले माहीत नाई. तुमी म्हणसान, नशीब. मीही लोकायले तेच सांगत आलो.

मी बास वाजवायचो. युफोनियम म्हणतात त्याले, मोठा पितळी भोंगा, पोटाशी धरून वाजवतात. बावीस वर्षं वाजवला. बिदाईच्या वेळी लोकायले मास्तर एकटा वाटायचा, पण त्याच्या खाली माहा एक सूर चालू असायचा. बासचं काम असं, की तो बंद पडला तरच समजते का तो होता. हे मी पहिले हसून सांगायचो. मंग हसून सांगणं कमी झालं.

मास्तरकडं मोबाईल नव्हता. "मले कोण फोन करते?" म्हणे. म्हणून सुपारी घेणं — लग्नाचं ठरवणं, आमच्यात त्याले सुपारीच म्हणतात — ते माह्याकडं. मोठ्या ढोलावर पांढऱ्या रंगानं माहाच नंबर लिहिला होता. हे ध्यानात ठेवा. मास्तरपर्यंत जायचा रस्ता एकच, अन् त्या रस्त्यावर मी बसेल होतो.

शिरपूरच्या एका लग्नात कोणीतरी मास्तरचं बिदाईचं वाजवणं मोबाईलवर घेतलं. महिनाभरात ते कुठच्या कुठं गेलं. मले माह्या साळ्यानं सुरतहून पाठवलं. मी पाह्यलं — एकदा नाई, पन्नासदा पाह्यलं. त्यात मास्तर आहे, नवरी आहे, रस्त्यावरचं कुत्रंही आहे. माहं एक कोपर आहे.

अन् मंग पुण्याहून फोन आला. भर दुपार होती, मी तुरीवर फवारणी करत होतो. माणूस लय अदबीनं बोलला. गावागावातले बँड शोधतो म्हणे, मोठ्या थेटरात त्यायचे कार्यक्रम लावतो, रेकॉर्डिंग करतो. व्हिडिओ पाहून रडलो म्हणे. मास्तरायशी बोलणं करून द्या. आमाले फक्त ते पाह्यजेत, साथीले वाजवणारे आमचे आहेत.

फक्त मास्तर. मंग बाकी दहा जण कुठं जातीन? मास्तरशिवाय बँड म्हणजे काय? हे सगळं माह्या मनात आलं, अन् मी म्हणलं, "मास्तर वारले."

तोंडातून निघून गेलं. तो तिकडं हळहळला. मंग म्हणे, "अरेरे. कधी?" मी म्हणलं, महिना झाला. त्यानं फोन ठेवला. मी पंप पुन्हा पाठीवर घेतला अन् राह्यलेले दोन तास फवारले. फवारले — हे मले चांगलं आठवते.

मले वाटलं, झालं, मिटलं. पण त्या भल्या माणसानं व्हिडिओखाली लिहिलं, की हा कलावंत आता आपल्यात नाई, पथकाच्या नंबरवर चौकशी केली तेव्हा समजलं. चार दिवसात मास्तरचा फोटो फिरायले लागला. फोटोले हार, बाजूले दिवा. जित्या माणसाच्या फोटोले हार पाह्यला आहे कधी? मी पाह्यला, माह्या शब्दानं घातलेला.

मास्तरची पोरगी रेखा शिरपूरले दिली आहे. तिच्या मोबाईलवर तो फोटो गेला. ती पहिल्या बसनं निघाली, फाट्यापासून रडत आली, आवाज आमच्या गल्लीपर्यंत आला. मी धावतच मास्तरच्या घरी गेलो. मास्तर ओसरीत जेवत बसला होता. पोरीले पाहून हातातला घास तसाच राह्यला. रेखा त्याच्या अंगाले हात लावून पाहत होती — तोंड, खांदे, हात. सगळं गाव जमलं. अन् मंग ती माह्याकडं वळली. म्हणे, काका, याच्यात लिहिलं आहे, बँडाच्या नंबरवर विचारलं. नंबर तर तुमचा आहे.

तवा खरं बोललो असतो तर? लोकायनं दोन थोबाडीत मारल्या असत्या. मास्तर रागावला असता. मंग त्यानंच म्हणलं असतं, लाव फोन पुण्याले. एवढंच झालं असतं. पण चाळीस डोळे माह्याकडं लागले होते, अन् अंगणातल्या निंबावर एक कावळा बसला होता.

आमच्याकडं एक समज आहे. कावळा जित्या माणसाच्या डोक्यावर बसला तर ते मरणाचं बोलावणं. त्यावर उपाय एकच — तो माणूस गेला अशी खोटी बातमी सोयऱ्यायले पाठवायची. कोणी खरं खरं रडलं, की मरणाले वाटते आपलं काम झालं, अन् ते वाट बदलते. पहिले यासाठी कोपरा फाडून पोस्टकार्ड पाठवायचे.

मी म्हणलं, "मास्तर, मागच्या लग्नात तुमच्या डोक्यावर कावळा बसला होता. मी डोळ्यानं पाह्यला. म्हणून मीच बातमी सोडली."



"मले काहून समजलं नाई?" मास्तर म्हणे.

"तुमी बिदाईचं वाजवत होते."

ते त्याले पटलं. वाजवताना त्याच्या डोक्यावर वीज पडली असती तरी त्याले समजलं नसतं, हे मले माहीत होतं. मी नेमकं तिथंच बोट ठेवलं. मास्तर उष्ट्या हातानं उठला, डाव्या हातानं माहा हात धरला. डोळे भरले होते. "दिगू," म्हणे, "तू मले मरणातून काढलं बावा." रेखानं दुसऱ्या दिवशी मले मानाची दुपट्टा-टोपी दिली. मी घेतली. पेटीत आहे, एकदाही घातली नाई. ती म्हणे, काका, आता त्या लिहिणाऱ्याले सांगून द्या बाबा जिते आहेत. सांगतो, म्हणलं. त्याच संध्याकाळी मी पुण्याचा नंबर ब्लॉक केला.

त्यानंतरचं काय सांगू? कावळा बसला नव्हता. पण मी म्हणल्यावर तो बसला, अन् मंग उठलाच नाई.

मास्तर वर पाहायले लागला. पहिले आमी ध्यान दिलं नाई. वरात चालू, मास्तर वाजवते, अन् मधातच मान वर — तारेवर, झाडावर. क्लॅरिनेटवाल्यानं मान वर केली की फुंक तुटते. जे गाणं ऐकून जीप बंद व्हायची ते गाणं मधात तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा तुटायचं. वाशीमच्या एका लग्नात तर मंडपाबाहेर यायलेच तयार नाई. बाहेरच्या तारेवर पाच-सहा बसले होते. नवरी जीपमध्ये बसून निघून गेली.

लोकंही बोलायले लागले. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याले लग्नात कायले बोलवायचं? तोंडावर कोणी म्हणलं नाई, पण माहा फोन वाजणं कमी झालं. मी सगळ्यायले सांगायचो, डीजेनं बँड खाल्ला. सगळ्यायले पटायचं. डीजे आले होतेच ना. बँडातले दोघं सुरतले गेले, एकानं ऑटो घेतला. लाल कोट मास्तरच्या घरी गाठोड्यात पडले.

मास्तर शेवटची दोन वर्षं छत्रीशिवाय अंगणातही आला नाई. उन्हाळा असो, काही असो, छत्री. पोरं हसायचे. मी रोज जाऊन बसायचो त्याच्यापाशी. तुमाले वाटंल पश्चात्ताप म्हणून. नाई. कोणी पुण्याचं नाव काढते का, ते पाहायले जायचो. एकदा तो म्हणे, दिगू, तुले आठवते का रे, केवढा होता तो? मी हातानं दाखवला, एवढा. त्यानं ती माह्या दोन हातामधली वीतभर जागा लय वेळ पाह्यली.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. छातीत कफ झाला, आठ दिवसात संपला. मी त्या व्हिडिओखाली लिहिलं, मास्तर आज वारले. खाली कोणीतरी लिहिलं, अरे ही जुनी बातमी आहे.

दहाव्याले नाल्याच्या काठावर पिंड ठेवला. बाभळीवर कावळेच कावळे. एकही खाली येईना. तास झाला. लोकं हात जोडून एकेक सांगायले लागले, जसं सांगतात — मास्तर, काळजी करू नोका. रेखा म्हणे, मायले मी पाहीन. कावळे हलले नाई. मंग सगळे माह्याकडं पाहायले लागले. मी पुढं झालो, म्हणलं, मास्तर, बँड पुन्हा उभा करीन. एक कावळा फांदी बदलून बसला. बस, तेवढंच. गावातला एक म्हातारा म्हणे, "कोणाच्या मनात काही राह्यलं असंल तर बोला बाबा. तो वाट पाहून राह्यला."

काय बोलायचं ते मले माहीत होतं. अन् तुमालेही मी अजून ते सांगतलं नाई. वर मी म्हणलं ना, पुण्याच्या माणसाले फक्त मास्तर पाह्यजे होता? खोटं आहे ते. इतकी वर्षं मी स्वतःले तसंच सांगत आलो, म्हणून तुमालेही सांगून गेलो. तो म्हणला होता, सगळ्यांना घेऊन या, अकराच्या अकरा. गाडी पाठवतो म्हणे. मंग त्यानं सहज विचारलं, तुम्ही काय वाजवता? मी म्हणलं, बास. तो हसला — वाईट नाई, चांगलाच हसला — अन् म्हणे, "हो का? बास आहे त्यात? मला ऐकूच आला नाही."

एवढंच. एवढ्यासाठी मी मास्तरले मारलं.

हे त्या काठावर बोलायचं होतं. ऊन डोक्यावर आलं, लहान लेकरं भुकेनं रडायले लागली, अन् मी चूप राह्यलो. शेवटी महाराजानं दर्भाचा कावळा केला, गवताचा, अन् तो पिंडाले लावला. सगळ्यायनं हात जोडले. मीही जोडले.

त्या दिवशी रेखानं मास्तरची क्लॅरिनेट माह्या हातात ठेवली. बाबा सांगून गेले म्हणे, दिगूलेच द्या, त्यानं मले वाचवलं. ती माह्या घरी खुंटीवर आहे. तिच्या तोंडाशी मास्तरच्या दाताच्या खुणा आहेत. मले ती वाजवता येत नाई.

रेखा अजूनही येते, महिन्या-दोन महिन्यातून, शिरपूरच्या बसनं. आली की पहिले माह्या घरी. पदर घेते अन् माह्या पाया पडते. मी पाय मागं घेत नाई.