जबाबातली टिकटिक

माझा मामा जाखडीचा, म्हणजे कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या नाचगाण्याचा, शाहीर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या वाटेला लागून मध्येच आत वळलं की त्याची वाडी येते. त्याच्या बांधाला बांध लागून ज्याचं शेत आहे, तोही शाहीरच, पण समोरच्या पक्षाचा. मामा तुऱ्याचा, शेजारी शक्तीचा. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जबाब द्यायचा, आणि जबाब होईपर्यंत दोघांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, ही वाडीची रीत. दोघांचा हा झगडा जन्मभर चालला आहे. त्यात बोलायला मोकळे असे दिवस त्यांना फारसे मिळाले नसावेत.

यंदा श्रावणात शेजाऱ्याने सवाल गायला आणि त्याच्या सुनेने तो मोबाइलवरून जगभर सोडला. सवाल पुराणातला होता, त्याचं काही नव्हतं. पण शेवटच्या कडव्यात त्याने मामाला चिमटा काढला होता, की तुझा गळा आता गेला, टाळ खुंटीला लाव आणि घरी बस. मामाने ते ऐकलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

वाडीतल्या देवळाचा पत्रा बदलायचा असला तरी ते मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांचं मंडळ ठरवतं. तेव्हा जबाब गणपतीच्या आत रेकॉर्ड होऊन आलाच पाहिजे, हेही मंडळानेच ठरवलं. मी महाडला शाळेत शिकवतो आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे, एवढ्या भांडवलावर काम माझ्याकडे आलं. महाडचं माझं घर हायवेला लागून, तिथे कंटेनरच्या हॉर्नमध्ये मामा कुठे ऐकू येणार? म्हणून मीच वाडीवर गेलो. मंडळाने गाडीच्या ड्रायव्हरकडून एक लाल डबी पाठवली होती. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका बाजूने तिच्यात माइकची वायर जाते, दुसऱ्या बाजूने ती लॅपटॉपला जोडायची, की गाणं लॅपटॉपात शिरतं. निदान शिरावं अशी अपेक्षा असते.

मामा पडवीत बसून गायला. ऐकून पाहिलं, तर मधूनमधून अक्षरं गळलेली आणि सगळ्यावर एक टिक, टिक, टिक. मामाने हेडफोन कानाला लावला, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि तो काढून हळूच खाली ठेवला.

"खरंच गळा गेला रे," तो म्हणाला.

मी सांगितलं की हे मशीनचं आहे, तुझं नाही. रोग्याला बरं वाटावं म्हणून डॉक्टर बोलतो तसं मी बोलतोय, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून तो ज्येष्ठमध चघळायला लागला आणि मामीशीसुद्धा कुजबुजत बोलायला लागला. मला त्या डबीचा असा राग आला होता की ती उचलून सावित्री नदीत टाकावी. जबाब वेळेत गेला नसता तर लोक एक वेळ विसरले असते. पण हा असा तुटका जबाब गेला असता, तर शेजाऱ्याचं म्हणणं मामाने स्वतःच्याच आवाजात कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्याची चूक केली. मंडळाचा एक ध्वनिप्रमुख आहे. दहीहंडीला गल्लीत स्पीकर कुठे ठेवायचे ते तो सांगतो, एवढंच त्याचं शिक्षण. त्याने व्हॉइस नोट पाठवली की वायर बदल. बदलली. मग लॅपटॉपातलं डबीचं सॉफ्टवेअर बदल, तेही बदललं. कुणाचा तरी जावई इंजिनियर आहे, पुलांचा. तो म्हणाला की अर्थिंग नाही, घरच्या लाइटचा दोष आहे. उपाध्यक्षांनी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवून खाली लिहिलं की चायना माल. ही डबी त्यांनीच पसंत केली होती, हे त्यांना आठवत नसावं.

मीही काही कमी नव्हतो. इंटरनेटवरचा एक हिंदी बोलणारा गडी अर्धा वेळ स्वतःची ओळख करून देतो, त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्यातून एवढं हाती लागलं की बफर नावाची एक सोय असते. आवाज आत घेताना लॅपटॉपला दम खायला मिळणारी ती जागा. ध्वनिप्रमुखाने ती अगदी लहान ठेवायला लावली होती, कारण 'जेवढं कमी तेवढं प्रोफेशनल'. बिचारा लॅपटॉप घाट चढणाऱ्या जुन्या एसटीसारखा धापा टाकत होता. मी बफर मोठा केला, वायर पुरावी म्हणून लावलेला मधला जोड काढून डबी थेट लॅपटॉपला लावली, मागे चाललेली बाकीची कामं बंद केली. अक्षरं गळायची थांबली.

टिकटिक मात्र जागेवर होती. मामाने यावर स्वतःच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कवळी काढून गायला बसला. टिकटिक कवळीची असणार, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्या बोळक्या तोंडातून एकेकाळचा त्याचा धारदार शब्द मऊ भातासारखा बाहेर यायला लागला. मामी आत निघून गेली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. टिकटिक तशीच.

तेवढ्यात लाइट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे ती जातेच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि टिकटिकही चालूच राहिली. म्हणजे जावयाचा घरच्या लाइटचा सिद्धांत संपला. हेडफोन कानाला तसाच ठेवून मी वैतागून बाहेर बघत होतो. समोर बांधावर शेजाऱ्याचं बॅटरीवर चालणारं झटका मशीन होतं. डुकरं आणि माकडं शेतात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारी ती पेटी. तिच्यावरचा बारका दिवा लुकलुकत होता, आणि तो लुकलुकला की माझ्या कानात टिक होत होती. कुंपणाची तार मामाच्या पडवीच्या अगदी जवळून गेली होती.

मामा म्हणाला की मुद्दाम केलंन. मंडळाचंही तेच मत पडलं आणि शक्तीवाल्यांच्या निषेधाचा ठराव तयार व्हायला लागला. कुंपण गेल्या वर्षीपासून तिथेच होतं, ही गोष्ट ठरावात बसत नव्हती.

जबाब होईपर्यंत मामा त्याच्याशी बोलू शकत नव्हता, म्हणून वळसा घालून मी गेलो. लहरी, तार, माइक असं सगळं शाळेतल्यासारखं समजावायची तयारी केली होती. शेजाऱ्याने मला पहिल्याच वाक्यात थांबवलं.

"गाणं आमच्यावरच हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मग बंद करतो. पण मी बोललो ते त्याला सांगू नको."

पावसाची उघडीप मिळाली तशी मामाने कवळी घातली, टाळ घेतले आणि जबाब गायला. वरच्या सुरात एका जागी आवाज थोडा चिरकला. तो दोष वयाचा होता, मशीनचा नव्हता. बाकी एकेक शब्द खणखणीत. शेवटचा टाळ पडल्यावर कुणी हलू नये म्हणून मी हात वर धरला. त्या शांततेत बांधाकडून एक खोकला आला आणि पाठोपाठ आवाज आला, "वा."

मी वळून पाहिलं. शेजारी बांधावर आमच्याकडे तोंड करून बसला होता. त्याच्या पाठीमागे मांडवावर चढून माकडं काकड्या ओरबाडत होती, आणि त्याने मान वळवली नव्हती. मामाने तिकडे पाहिलं नाही. टाळ पुसून पिशवीत ठेवायला त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

मी रेकॉर्डिंग पाठवलं. ध्वनिप्रमुखाची लगेच नोट आली. गाणं एक नंबर, पण शेवटी कुणा माणसाचा डिस्टर्बन्स आहे, तेवढा कापून पाठवा. एव्हाना कापायला मी शिकलो होतो आणि काम क्षणाचं होतं. तरी मामाला विचारलं.

"गाणं काप हवं तर," मामा म्हणाला. "तो आवाज राहू दे."